पसरणीचा घाट पंधरा हात कमी करणेबाबत

ज्ञानू जिंकला आणि माझी नोकरी गेली. पण ते सोडा, तसं काही झालंच नाही असं धरून चालू.

सन एकोणपन्नासचा दसरा. वाईच्या हंबीररावांच्या दोन टॅक्स्या आणि ड्रायव्हर दोन, मी आणि पलूसचा ज्ञानू. त्यांना एक गाडी विकायची होती. दसऱ्याला जो न थांबता पसरणीचा घाट चढेल त्याची नोकरी राहणार. ज्ञानू माझ्याच ताटात जेवायचा, त्यामुळं मला काळजी नव्हती.

इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात एक पडदा असतो. खाली गेला की टाकीतून पेट्रोल ओढतो, वर आला की पुढं ढकलतो. चिरला की सासऱ्यासारखे नुसते सुस्कारे टाकतो. माझा चिरला होता. त्याला लग्नातल्या सदऱ्याचं निळं ठिगळ लावून दिवस काढत होतो. शेवटी सांगलीहून नवा आणला.

खंडेनवमीला सकाळी ज्ञानू म्हणाला, "गड्या, तू झेंडू आण जा. पडदा मी बसवतो."

"पंपाच्या वाटीतला गाळबी काढ रं."

"काढतो की. लय शिकवू नगंस."

मी फुलं घेऊन आलो तवर पंप बंद झाला होता आणि नट खोलायचे पाने पूजेला लागले होते. दसऱ्याला सकाळी गाडीखाली पेट्रोलचा वास आला. मी झेंडूखालच्या पान्याकडं हात नेला.

"पूजेतला पाना उचलतूस?" हंबीरराव गरजले. "सोनं लुटल्याबिगर हात लावायचा न्हाई!"

"आवं, वास येतुया."

"धूप हाय त्यो."

पंप गार राहावा म्हणून पायथ्यालाच त्यावर ओलं फडकं टाकलं आणि घाट चढू लागलो. माथा पंधरा हात राहिला आणि गाडी मेली. ज्ञानू शेजारून गेला, माथ्यावर थांबला, परत चालत आला आणि माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं.

"सोनं घे गड्या, सोन्यासारखा ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी पाने मोकळे झाले. पंप उघडला. आत माझं निळं ठिगळ. नवा पडदा ज्ञानूच्या गाडीत पाचगणीला भाडं घेऊन गेला होता.

तरी मेहेरबान कलेक्टरसाहेब, उत्तर सातारा, यांनी पसरणीचा घाट माथ्याकडून पंधरा हात कमी करून द्यावा, आणि सदर हुकूम दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून लागू धरावा, ही विनंती. सोबत पडदा जोडला आहे.