हवालदाराची रात्रपाळी

हवालदार हे कुत्र्याचं नाव. ते घरातल्या बाईच्या नणंदेनं ठेवलं होतं, कारण पिल्लू घरात आल्या दिवसापासून दाराशी असं ठाण मांडून बसायचं, की आल्यागेल्याची चौकशी केल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. पण ह्या घरात भुंकून काही उपयोग नाही, हे हवालदाराला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. घरचा पुरुष जन्मापासून बहिरा आणि बाईचे कान लहानपणीच्या तापात गेलेले. तेव्हा काही सांगायचं असेल तर सरळ जाऊन कपडा ओढायचा, उगाच घसा कोरडा करायचा नाही.

बाईला सगळी गल्ली टेलरबाई म्हणायची. कोपऱ्यावरच्या दुकानात ती झिपा बदलायची, पँटी आखूड करायची, कोटाला अस्तर लावून द्यायची. बोलायची ती तोंडानं, फक्त आवाज कुठे चढला आणि कुठे उतरला ह्याचा तिला पत्ता नसायचा. समोरच्याचे ओठ वाचून ती उत्तर द्यायची. नवरा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कटिंगच्या मशीनवर होता. तिथल्या धडधडाटात बाकीच्यांना कानात बोळे घालून उभं राहावं लागे. ‘मला वरूनच घालून पाठवलंय,’ असं तो हातांनी सांगायचा आणि स्वतःच हसायचा. घरात दोघं हातांनीच बोलत, भांडणंही हातांनीच होत. अबोला धरायचा झाला तर डोळे मिटून घेतले की काम झालं.

तिला दिवस गेले तेव्हा पहिला प्रश्न हाच, की रात्री बाळ रडलं तर कळणार कसं? उशीखाली ठेवायचं थरथरणारं यंत्र त्यांनी आणून बघितलं, पण ते रस्त्यावरून ट्रक गेला तरी थरथरायचं. शेवटी नणंद म्हणाली, घरात हवालदार बसलाय फुकटचं खात, त्यालाच ड्यूटीवर लावू.

ही नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. कान शाबूत आणि आवाज दोघांच्या वाटचा. बस डेपोच्या चौकशी खिडकीत बसून तो आणखी तयार झालेला. रिकाम्या पाळण्यामागे फतकल मारून बसायची आणि तान्ह्या पोरासारखा टाहो फोडायची. हवालदारानं धावत जाऊन झोपलेल्या भावजयीचं पांघरूण ओढायचं आणि पाळण्याशी येऊन उभं राहायचं, की मिळालं बिस्कीट. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरची घरमालकीण अनवाणी धावत खाली आली, कुणाचं काय बरंवाईट झालं म्हणून. पाहते तर पाळण्याआड एवढी थोरली बाई रडतेय आणि बाकीची दोघं पोट धरून हसताहेत. त्या घरात इतकं हसू पुन्हा कधी झालं नाही.

मग पिटुकली जन्मली. आणि हवालदारानं खरोखर नोकरी केली हो! दूध पिऊन झोपलेली पिटुकली जरा कुठे कुरकुरली की हा पांघरुणाला लोंबकळायचा. एक रात्र चुकवली नाही. टेलरबाई त्याला आपल्या ताटातला घास देई आणि नवरा ‘लाडावतेस त्याला’ म्हणून हात नाचवी, आणि ती वळली की आपल्या ताटातला देई.

पिटुकली पालथी पडायला लागली होती, त्या सुमारास एक दिवस दोघांना सकाळी उजाडल्यावर जाग आली. रात्री कुणी उठवलंच नव्हतं. केवढी छान झोप झाली, असं टेलरबाईच्या मनात आलं. ती तशीच पडून राहिली, अंगाला आळोखेपिळोखे देत. त्या सुखाची तिला पुढे किती लाज वाटली, ते तिलाच ठाऊक. हवालदार पाळण्याखाली झोपला होता. पाळण्यात पिटुकली गार पडली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समोर बसून, सावकाश ओठ हलवत सांगितलं, की झोपेतच गेली. असं होतं कधीकधी, कारण सापडत नाही. टेलरबाईनं विचारलं, “रडली असेल का हो ती?” तेवढ्यात डॉक्टर कागदावर सही करायला वाकले आणि खालमानेनंच काहीतरी बोलले. ओठ दिसले नाहीत. पुन्हा विचारायचा तिला धीर झाला नाही.

तो एक प्रश्न मात्र घरात येऊन राहिला. आपण घोरत पडलो आणि पोर तिकडे रडून रडून गेली की काय? नणंदेला विचारलं तर ती म्हणाली, “नाही गं, कशाला रडेल?” पण ती समजूत होती, उत्तर नव्हतं. नवऱ्यानं कधी विचारलंच नाही. त्यानं पाळणा सोडून माळ्यावर टाकला आणि त्या दिवसापासून हवालदाराच्या अंगाला हात लावला नाही.

हिवाळा गेला. हवालदार गप्प होता, नुसता पडून असायचा. आणि मग एकाएकी त्यानं रात्री पुन्हा पांघरूण ओढायला सुरुवात केली. दोघं दचकून उठली. हवालदार पाळण्याच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि मान उंच करून वर पाहू लागला. तिथे छत होतं आणि पाळण्याचा रिकामा आकडा होता. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. कधी एकदा, कधी दोनदा, कधी पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही.

त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं? संध्याकाळी त्याला दमेपर्यंत पळवून आणलं, त्याचं जेवण उशिरा दिलं. स्वयंपाकघरात बांधला तर त्यानं पट्टा कुरतडून तोडला. जनावरांच्या डॉक्टरनं तपासलं, दात बघितले, पोट दाबलं आणि सांगितलं, तब्येत ठणठणीत आहे, तुम्ही उठता म्हणून तो उठवतो. उठूच नका, आठवड्याभरात नाद सोडेल. दोघं डोळे घट्ट मिटून पडून राहिली. हवालदारानं पांघरूण खाली पाडलं, टेलरबाईच्या छातीवर दोन्ही पाय रोवले आणि तिचं तोंड चाटत राहिला, ती उठेपर्यंत.

नवऱ्याचे डोळे आत गेले. एक दिवस मशीनवर त्याला डुलकी लागली. शेजारच्यानं खांद्याला धरून ओढला म्हणून पाती हाताऐवजी बाहीवर पडली. मुकादमानं घरी पाठवलं आणि बजावलं, पुन्हा असं झालं तर मशीनवर उभा करणार नाही. हात गेला असता तर नवऱ्याची नुसती नोकरी गेली नसती, बोलणंही गेलं असतं. फाटलेली बाही तिच्यासमोर टाकून त्यानं सांगितलं, ‘कुत्रा जाईल.’

‘नाही.’

‘का?’

टेलरबाईनं महिनाभर पोटात ठेवलेलं अखेर हातांवर आणलं. ‘त्याला ती ऐकू येते. तो वर बघतो, तू पाहिलंस ना? ती तिथे आहे आणि रडतेय.’

नवरा इतक्या जोरानं बोलला की हातावर हात आपटले. ‘मेल्यावरचं ऐकू येतं आणि जिवंतपणी ऐकू आलं नाही? ज्या रात्री उठवायचं त्या रात्री हा झोपला! आता रोज उठवून काय करू मी? काय करू?’

नवऱ्यालाही तोच प्रश्न खातोय आणि त्यानं तो सगळा कुत्र्यावर ढकललाय, हे तिला त्या दिवशी कळलं. ती ‘बरं’ म्हणाली.

नणंदेनं लगोलग डेपोतल्या ओळखीच्या माणसाचं घर शोधलं. गावाबाहेर, मोठं अंगण, प्रेमळ माणसं. महिनाभर तिला ह्या घरी यायला जमलं नव्हतं, सगळं ठरलं ते फोनवर लिहूनच. ठरलेल्या दिवशी टेलरबाईनं दुकानातून सुट्टी घेतली. एरवी हवालदार दिवसभर दुकानात तिच्या मशीनखाली असायचा. नवरा सकाळी बूट घालून निघाला तो हवालदाराकडे न बघता. जिन्यापर्यंत जाऊन परत आला, पाण्याचं भांडं भरून त्याच्यापुढे ठेवलं आणि गेला.

दुपारी नणंद नवा पट्टा घेऊन आली. टेलरबाईनं चहा ठेवला, दोघी समोरासमोर बसल्या. नणंद काहीतरी डेपोतलं सांगत होती, साहेबांची नक्कल करत होती, भावजयीला हसवायचा तिचा जुना उद्योग. तेवढ्यात हवालदारानं कान टवकारले. उठला, टेलरबाईच्या कपड्याचा काठ ओढला आणि कोपऱ्यात जाऊन वर बघत उभा राहिला.

“बघा ताई, आता दिवसाढवळ्यासुद्धा...” म्हणत टेलरबाई वळली, आणि थांबली. नणंदेचा कप ओठांपाशी थबकला होता. तिचे डोळे वर लागले होते, छताला, जिथे हवालदार बघत होता तिथेच.

“काय झालं?”

“कुठे काय? काही नाही,” नणंदेचे ओठ म्हणाले. पण ज्या बाईनं सारा जन्म लोकांची तोंडं वाचण्यात घालवला, तिला असं फसवता येत नाही.

“ताई, माझ्याकडे बघून सांगा. काय ऐकू येतंय?”

नणंदेनं कप खाली ठेवला. “बाळ,” ती म्हणाली. “वर बाळ रडतंय गं, उघड्या खिडकीतून अगदी बारीक येतंय.”

टेलरबाई जिना चढून वर गेली तेव्हा हवालदार पुढे आणि नणंद मागे होती. घरमालकिणीनं दार उघडलं आणि समोर ही दिसताच दोन्ही हात तोंडावर ठेवले. तिच्यामागे तिची लेक उभी होती. लेकीच्या खांद्यावर, मूठभर असेल नसेल, एक तान्हं पोर होतं. त्याचं तोंड उघडं होतं आणि चेहरा लालबुंद झाला होता. टेलरबाईला आवाज कळला नाही, पण रडणं कळलं.

“अगं, रागवू नकोस,” घरमालकीण घाईघाईनं बोलू लागली, आणि मग आठवून सावकाश. “लेकीला हिवाळ्यातच बाळ झालं, दिवस भरायच्या आत. बरेच दिवस ते दवाखान्यातच होतं, हिवाळा सरल्यावर दोघांना इथे आणलं. तुझ्या डोळ्यांना दिसू नये म्हणून आम्ही जिवाचं रान केलं बघ. दुपटी स्वयंपाकघरात वाळवली. सुट्टीच्या दिवशी बाळाला घेऊन हिच्या मावशीकडे जायचो. सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. म्हटलं, ऐकू तर येत नाही, निदान दिसू नये.”

चांगली माणसं चांगल्या मनानं काय काय करून बसतात! टेलरबाईला राग आला नाही. तिच्या डोक्यात वेगळंच काहीतरी जुळत होतं.

“रात्री रडतं?”

“रोज. पोट दुखतं त्याचं.”

“फार मोठ्यानं?”

“छे गं,” आता लेक बोलली. बोलताना तिचे डोळे भरले होते. “आवाजच नाही त्याला अजून. मी पलीकडच्या खोलीत असले तर मला, आईला, ऐकू येत नाही. रात्री खिडक्या लावल्यावर खाली तुमच्यापर्यंत कुठलं जायला?”

टेलरबाईनं हवालदाराकडे पाहिलं. तो आत जाऊन लेकीच्या पायाशी उभा राहिला होता. जो आवाज जन्मदात्या आईला भिंतीआडून ऐकू येत नाही, तो ह्यानं छतातून ऐकला होता. झोपेत ऐकला होता, रोज ऐकला होता. मग एकाच खोलीत, पाळण्याखाली झोपलेल्या ह्याला...

मागे नणंदेलाही ते त्याच क्षणी उमगलं असावं. ती जिन्यातच बसली आणि ढसाढसा रडू लागली. आपण शिकवण्यात कमी पडलो, हे ओझं तीही इतके महिने वाहत होती, आणि कुत्रा गावाबाहेर पाठवायची घाई तिला का झाली होती ते टेलरबाईला तेव्हा कळलं.

संध्याकाळी नवरा आला. हवालदार घरातच बघून त्याचे हात तावातावानं उठले. टेलरबाईनं ते हात धरून ठेवले. असं ती कधी करत नसे. हात धरणं म्हणजे ह्या घरात तोंड दाबणं. तो गप्प झाल्यावर तिनं सोडले.

‘वर बाळ आहे,’ तिनं सांगितलं. ‘हिवाळा सरल्यापासून. रात्री तेच रडतं.’

नवरा छताकडे पाहत राहिला.

‘आवाज इतका बारीक की दुसऱ्या खोलीत जात नाही. ह्यानं तो रोज ऐकला आणि रोज आपल्याला उठवलं. तो झोपला तरी जागा असतो. त्याला सगळं ऐकू येतं.’ पुढचं तिलाच सांगायचं होतं. ‘त्या रात्रीही आलं असतं. ती रडली असती तर.’

नवऱ्यानं विचारलं, ‘एकदाही नाही?’

‘एकदाही नाही.’

नवरा हवालदारापुढे खाली बसला. इतके महिने ज्याला शिवला नव्हता त्याचं डोकं त्यानं छातीशी ओढून घेतलं, आणि त्याची पाठ हलू लागली. टेलरबाई बघत उभी राहिली. पोर रडली आणि आपण गेलो नाही, ही भीती तिनं महिनोन्‌महिने उराशी बाळगली होती. आता ती भीती गेली होती. तिच्या जागी पिटुकली उरली होती, जी अंधारात एकटी, आईला हाकसुद्धा न मारता निघून गेली. ह्यातलं कोणतं जास्त सोसवत नाही, ते तिला ठरवता येईना.

पुष्कळ वेळानं ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

‘आज रात्री हा परत उठवेल,’ तिनं सांगितलं. ‘काय करायचं?’

नवऱ्यानं बाहीनं तोंड पुसलं.

‘उठायचं,’ तो म्हणाला. ‘उठून त्याला सांगायचं, हे बाळ आपलं नाही.’