फाटक लावणारा

हायवेवर ट्रकनं उडवलेली घोडी माझ्या भावाची, हार्लनची. त्याच्या बायकोनं ती वाढवलेली, आणि बायको गेल्यापासून त्याचा सगळा जीव त्या घोडीत. हायवेकडच्या कुरणाचं फाटक सताड उघडं सापडलं. आदल्या संध्याकाळी तिथून परतले होते दोघंच: हार्लनचा मुलगा कोल्टर आणि आमचा जुना गडी रामिरो.

"रामिरोनंच उघडं टाकलं," कोल्टर म्हणाला. "घाई होती त्याला. बिअर प्यायची असेल."

हार्लननं तडक रामिरोला सांगितलं, सामान बांध. रामिरो आपल्या खोलीकडे गेला. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. मी जन्माची संशयी, पाद्रीबाबावरसुद्धा माझा पुरता विश्वास नाही. पण गाय अडली की तिच्याजवळ रात्र काढणारा माणूस फाटक विसरेल? आणि आमचं हे लाडोबा, दहा वेळा विचारल्याशिवाय तोंड न उघडणारं, आज न विचारताच पोपटासारखं बोलतंय?

जेवताना बीन्सचं भांडं त्याच्यापुढे सरकवत मी विचारलं, "काय रे, काल पिकअप कोण चालवत होतं?"

"रामिरो."

"नक्की?"

"आत्या, सांगतोय ना. मी नुसता बाजूला बसलो होतो. फोन बघत."

हार्लन खाता खाता थांबला. पश्चिम टेक्सासात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: चालवणारा गाडी पुढे काढतो, बाजूला बसलेला उतरून फाटक उघडतो आणि लावतोही.

"लावलं होतंस?" हार्लननं विचारलं.

"साखळी बसेना. नुसतं लोटलं आणि लावलं म्हणून सांगितलं."

"आणि नाव त्याचं घेतलंस."

"त्याला काय, कुठंही मिळेल काम."

"ऊठ. आधी त्याची माफी माग, मग फावडं घे."

खणायचा ट्रॅक्टर दारात उभा असताना हार्लननं घोडीसाठी पोराला हातानं खड्डा खणायला लावला, तोही आमच्या त्या दगडासारख्या जमिनीत. माफी मागताना कोल्टरची मान वर होईना. रामिरोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं. जा, खण आता."

हार्लनला हायसं वाटलं. "चल रामिरो, सोड ते सामान. कळलं सगळं."

"पोरगं भ्यालं म्हणून खोटं बोललं, मालक," रामिरो म्हणाला. "तुम्हाला कसली भीती होती? मला एका शब्दानं विचारायचंत."

रामिरोनं खोगीर उचलून, त्याला न्यायला आलेल्या त्याच्या मेव्हण्याच्या गाडीत टाकलं आणि तो गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अरे, जा की त्याच्या मागे," मी भावाला म्हणाले.

तो गेला नाही. खड्ड्यापाशी जाऊन त्यानं बाह्या सारल्या. "दुसरं फावडं आण," तो पोराला म्हणाला. "अर्धा खड्डा माझा आहे."