ओव्हनमध्ये भाजलेलं कार्ड

विदोसावाच्या क्रोशाच्या रुमालातून त्या घरातली एक वस्तू सुटली नव्हती. टीव्हीवर रुमाल, रेडिओवर रुमाल, आणि कोंबडा जरा वेळ गप्प उभा राहिला असता तर त्याच्याही डोक्यावर रुमाल चढला असता. मग भावाचा, मिलोयेचा, कॉम्प्युटर कसा सुटणार? गरम हवा बाहेर पडायच्या जाळीवरच तिनं गुलाबांचा रुमाल अंथरलेला. त्यात खिडक्या कायम बंद. मानेला वाऱ्याची झुळूक लागली की माणूस मरतो, अशी तिची पक्की खात्री.

माणूस नाही मेला, ग्राफिक्स कार्ड मेलं.

मिलोयेनं उभा जन्म खराखुरा ट्रक हाकला. गुडघे गेल्यावर गेममधला हाकायला लागला. दर रविवारी जेवणं झाली की त्याचा मुलगा उरोश तिकडून, स्वीडनहून, त्याच गेममध्ये आपला ट्रक घेऊन यायचा. आईच्या मयतीला उरोश पोचला नाही, तेव्हापासून फोनवर दोघांचं ‘बरंय ना’, ‘बरंय’ याच्या पुढे जात नसे. पण ट्रकमध्ये बसले की बोलायचे. रस्त्याकडे बघत बोलायला सोपं जातं.

हा रविवार शेवटचा. उरोशला आता कामावर रविवारची पाळी लागणार होती. मिलोयेला एकच विचारायचं होतं, घराण्याच्या संताच्या दिवशी येशील का? त्या दिवशी घराण्याची मेणबत्ती लावायची असते, आणि मिलोयेच्या मागे ती लावणारं दुसरं कोणी नव्हतं.

आणि नेमका कॉम्प्युटरचा पडदा पिसाळलेला. आधी हिरवे ठिपके, मग रस्त्यावरचे पट्टे आभाळात, मग अंधार. पंखा असा किंचाळायचा की शेजारची गाय पान्हा चोरायची. मिलोयेनं केबल बदलली, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, धूळ काढली तर एक कोंबडी झोपेल एवढा ढीग निघाला. कार्डाचे सोनेरी दात घरी गाळलेल्या राकियानं, फळांच्या दारूनं, पुसले. ती राकिया अशी, की बाटलीवरून उडणारी माशी पलीकडे पोचेपर्यंत गाणं म्हणायला लागते. रुमालही काढला. विदोसावानं परत घातला.

शेवटी शहरातला दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, “काका, ते संपलंय. फारच नड असेल तर ओव्हनमध्ये भाजून बघा. आतले झाळलेले टाके वितळून कधीकधी परत धरतात. धरले तरी एखादी दुपार.”

“ओव्हनमध्ये माझ्या मिरच्या आहेत,” विदोसावा म्हणाली.

“मिरच्या काढ, ताई.”

“काढते. याला मीठ किती घालू, तेवढं सांग.”

कार्ड भाजलं. असा वास सुटला की कधी नव्हे ते तिनं स्वतः खिडकी उघडली.

आणि पडदा उजळला. उरोशचा निळा ट्रक पुढे, मिलोयेचा मागे. बंदर जवळ आलं, तसे हिरवे ठिपके उगवले. मग सगळा काळोख. आवाज तेवढा चालू.

“बाबा, कुरणात शिरलात तुम्ही.”

“दिसत नाहीये रे मला काही.”

“डावीकडे घ्या. अजून. हां, आता सरळ. मी आहे पुढे.”

मिलोये काळ्या काचेकडे बघत चालवत राहिला. मुलानं इतकं जपून कधी त्याला कुठे नेलं नव्हतं.

“उरोश,” तो म्हणाला, “आपल्या संताच्या दिवशी येशील का रे?”

पलीकडून, “बाबा...” आणि यंत्र गोठलं. आवाज तिथेच अडकला. बाबा-बाबा-बाबा, थांबेचना.

टेबलावरचा फोन वाजायला लागला.

“उरोश आहे,” विदोसावा म्हणाली. “उचल की.”

मिलोये हलला नाही. तो सूर त्याच्या ओळखीचा होता. नाही म्हणायच्या आधी पोरगं लहानपणीही अस्संच बाबा म्हणायचं. पुढचं सगळं त्या फोनमध्ये होतं. इथे, या अडकलेल्या आवाजात, ते अजून यायचं होतं.

“थांब, ताई. तो अजून बोलतोय.”

फोन वाजून वाजून गप्प झाला. विदोसावानं खिडकी लावून घेतली, आणि त्या काळ्या पडद्यावर एक रुमाल घातला.