बारावं मडकं

मला मोजायची सवय आहे. जिन्याच्या पायऱ्या, डब्यातल्या पोळ्या, आगाशीच्या बसमधली डोकी. मनातल्या मनात मोजते, कोणाला त्रास नाही. मानसशास्त्र शिकायला लागल्यावरही या चाळ्याकडे मी कधी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांच्या चाळ्यांचे अर्थ लावण्यात मला जास्त रस होता.

आमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. माणूस जे मनाच्या तळाशी ढकलून देतो आणि विसरतो, त्याला नेणीव म्हणतात. ती समजून घेऊन उपचार कसे करायचे, हे शिकायचं. शेवटच्या सहामाहीत एका रुग्णाबरोबर दर आठवड्याला बसायचं आणि तेच प्रकरण परीक्षेत मांडायचं. माझ्या मार्गदर्शक मार्था मॅडम सांडोर गावच्या, साठीच्या, कडक. त्यांचे नियम दोन. खोलीत काही लिहायचं नाही, रुग्ण गेल्यावर आठवून लिहायचं. आणि संमतीने केलेलं रेकॉर्डिंग आपण ऐकायचं नाही, आठ भेटी झाल्या की त्यांच्याकडे द्यायचं.

माझी रुग्ण जागृती. बोळिंजच्या एका संकुलात राहणारी, लॅबमध्ये रक्त तपासणारी, साधारण माझ्याच वयाची. तिची मुलगी चार वर्षांची होती. मुलगी आंघोळीला गेली की हिच्या छातीत धडधडायचं, आणि झोप तर उडालेलीच होती. शनिवारी चार वाजता यायची, खुर्चीच्या टोकावर बसायची.

दुसऱ्या भेटीत ते स्वप्न आलं. हिरवं पाणी, त्यावर जुना रहाट. रहाट आपोआप फिरतोय आणि एकेक मडकं वर येतंय, रिकामं. दर शनिवारी स्वप्न एक-दोन मडकी पुढे सरकायचं. सहाव्या भेटीत लहान मुलाची लाल चप्पल पाण्यावर दिसली. आठव्या भेटीत अकरा मडकी झाली, बारावं यायचं होतं.

मी खूश होते. आता सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी वही लिहिताना मला नाचावंसं वाटत होतं. असलं प्रकरण वर्गात कोणाकडेच नव्हतं. माझं निदानही तयार होतं.

"तुम्हाला एखादं भावंड होतं का?" मी जागृतीला विचारलं होतं. "पाण्यात गेलेलं? घरच्यांनी लपवलेलं?"

"नाय मॅडम. मी एकटीच."

"आईला विचारून बघा," मी म्हटलं. सगळं कळल्यासारखी हसलेही.

तिने विचारलं. तिची आई जिजा खाडीकाठची, भातशेती केलेली बाई. तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तरी लेकीचा विश्वास बसेना, कारण मॅडम शिकलेल्या. शेवटी जिजा पिशवी उचलून आपल्या गावी निघून गेली. नातीला सांभाळायला येणं बंद झालं, फोनही उचलेना. जागृती हे सांगताना रडली, आणि मी वहीत लिहिलं, 'विरोध गळून पडतोय.'

मग मार्था मॅडमचा निरोप आला. भर दुपारी त्यांच्या घरी गेले. खिडकीबाहेर केळीची पानं हलत होती. त्यांनी दुसऱ्या भेटीचं रेकॉर्डिंग लावलं.

"काल पन झोप नाय लागली, मॅडम," जागृतीचा आवाज. मग बराच वेळ शांतता. मग एक सुरातला, गोड आवाज आला, लहान पोरीने गाणं म्हणावं तसा.

"रहाट फिरतोय ना?"

"कुठला रहाट, मॅडम?"

"हिरवं पानी आहे. बघ ना."

"...हां. बघते."

तो आवाज माझा होता. मॅडमनी पुढच्या भेटींचंही थोडं थोडं ऐकवलं. जागृतीने कधीही रहाट पाहिला नव्हता, स्वप्नातसुद्धा. मी सांगत गेले, ती ऐकत गेली, आणि सहाव्या भेटीत बिचारी स्वतःच ते पाहायला लागली होती. वहीत मात्र पहिल्यापासून सगळं तिच्या नावावर.

"आवाज वाढवते," मॅडम म्हणाल्या. "शांततेत काय आहे ते ऐक."

शांततेत माझीच कुजबूज होती. एक, दोन, तीन... अकरा. आणि परत एक.

"मी असं काही बोलल्याचं मला आठवत नाही, मॅडम."

"तेच तर आपण शिकतोय, बाय. हे प्रकरण परीक्षेला जाणार नाही. घरी जा, स्वप्न कोणाचं ते विचार. जागृतीला पुढे मी बघेन. पण खरं तिला तू सांगायचं, स्वतःच्या तोंडाने."

आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. बसमध्ये ही म्हण माझ्या डोक्यातून जाईना. परीक्षा गेली याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त दिसत होती ती पिशवी उचलून निघालेली म्हातारी.

बाबा वाडीत केळीला टेकू लावत होते. घरामागची ती जागा जरा खोलगट आहे.

"बाबा, इथे बावखल होतं का?"

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आमच्याकडे जुन्या वाड्यांमधून ते असतंच. आमच्या वाडीत का नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. बाबांचा हात टेकूवरच राहिला. आई ओटीवरून खाली आली आणि तिथेच थांबली. दर सर्वपित्रीला ती याच जागी एक पान वाढायची. राखणदाराचं, असं सांगायची. मी एकदा तिची चेष्टाही केली होती, राखणदाराला गं कसला दूधभात?

"तुझा भाऊ होता," बाबा म्हणाले. "उमंग. अडीच वर्षांचा. तू चारची. रहाट बंद पडला होता, पण हाताने फिरायचा. तू त्याची चप्पल मडक्यात ठेवलीस आणि रहाट फिरवलास. बारा मडकी होती. बाराव्याला चप्पल परत येईल, असं त्याला सांगितलंस. तो वाकून बघत होता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तूच सांगितलंस. आम्ही धावत आलो तेव्हा तू मोजत होतीस. अकरापर्यंत यायचीस आणि परत एकपासून."

आई माझ्याजवळ आली. "तीन वर्षं तुला मामाकडे ठेवली. बावखल बुजवलं, फोटो जाळले. गावात एकेकापुढे हात जोडले, पोरीसमोर नाव काढू नका. चार वर्षांचं पोर तू. तुझा काय गं दोष?"

मी तिथेच मातीत बसले. भाऊ मला अजूनही आठवत नव्हता, याचंच रडू आलं. आणि या दोघांनी पंचवीस वर्षं आपल्या मुलाला राखणदार म्हणून जेवू घातलं, मला कळू नये म्हणून.

शनिवारी जागृती आली. मी सगळं सांगितलं. स्वप्न माझं होतं, चप्पल माझ्या भावाची होती, तो आमच्याच बावखलात गेला. तुझी आई खरं बोलत होती. मी चुकले, मला माफ कर. मोजण्याचं तेवढं सांगितलं नाही. जीभ रेटेना.

तिने तिथूनच फोन लावला, तीनदा. तिसऱ्यांदा उचलला गेला. "आये, तू खरी होतीस गं," म्हणाली आणि हुंदका फुटला. पलीकडूनही रडणं ऐकू आलं. जिजा सोमवारी येणार होती.

मला वाटलं, संपलं. जागृती दारापर्यंत गेली आणि वळली.

"मॅडम, पन काल बारावं मडकं आलं."

"काय होतं त्यात?"

"कायच नाय. रिकामं. पोरगा काठावर उभा होता, दोन्ही पायांत चपला. मला बोलला, ताईला सांग, आता मोजू नको."

ती गेली. मार्था मॅडम म्हणतील, खोलीतली कुजबूज तिच्याही कानावर पडलीच असेल. पडली असेल. जिन्यावर तिची पावलं वाजत होती आणि माझे ओठ हलत होते. सातपर्यंत आले होते.

आठ मी म्हटलं नाही.