जिन्याच्या वळणावरचे स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, तुमच्या घरी सोफा असेल, फिरती खुर्चीही असेल. माझ्यासारख्याकडे तुमचे लक्ष जात नाही, त्यात तुमची काही चूक नाही. माझ्यावर कोणी ऐसपैस बसत नाही. घडीभर टेकतो आणि उठतो.

दशरथ मिस्त्रींनी कुणाच्या तरी दाराची चौकट बनवली. तिच्यातून उरलेल्या सागाच्या तुकड्यांतून मी झाले. जयवंत राणे मला जोगेश्वरीच्या आपल्या घरी घेऊन आले. चौथा मजला, लिफ्ट नाही. तिथे मी खूप काम केले. माळ्यावरचे डबे काढायला त्यांच्या पत्नी सुगंधाकाकू माझ्यावर चढत. गणपतीत मखराला दिव्यांची माळ लावायची तर मीच लागे. त्यांच्या मुलाचे, राजेशचे केस न्हावी घरी येऊन कापायचा, तेव्हा पोरगा माझ्यावर बसून रडायचा. मग राजेश मोठा झाला, दहिसरला राहायला गेला. घरात प्लास्टिकची स्टुले आली आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. डोक्यावर तुळशीची कुंडी आली. तिचा गोल डाग अजून माझ्या अंगावर आहे.

पुढे काकूंचे गुडघे बिघडले. त्या मालवणकडच्या. दुसऱ्याने निवडलेला मासा त्यांना चालत नसे. कल्ले उघडून बघायचे, बोटाने दाबायचे, शेवंती कोळणीशी थोडे भांडायचे आणि मग घ्यायचा. बुधवार, शुक्रवार, रविवार हा त्यांचा नेम होता. आता उतरणे जमे, पण चढणे जमेना. मग बाजार जयवंतकाकांकडे गेला. ते ऑफिसात हुशार असतील, पण शेवंती त्यांना हमखास शिळा बांगडा द्यायची. काकू तो बोटाने दाबून बघत आणि काही न बोलता साफ करायला घेत. काकांना तेच लागायचे. बोलल्या असत्या तर बरे, असे ते शेजारच्या नलिनीताईंना सांगत.

एके दिवशी काकांनी माझ्यावरची कुंडी उतरवली, मला पुसले आणि दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर नेऊन ठेवले. तिथे जाळीतून वारा येतो. काकूंनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "माका दम लागता, म्हणान ठेवलंय."

"तुमका दम लागता तर तुमी बसा. मी कित्याक बसू? लोक म्हणतले, म्हातारी झाली."

आणि खरोखर तसेच झाले. रोज पहाटे बागेला सहा फेऱ्या मारणारा माणूस माझ्यावर बसून धापा टाकी, आणि त्याच्याबरोबर बाजारात जाऊन आलेल्या काकू मासळीची पिशवी घेऊन भिंतीला धरून उभ्या राहत. दुसऱ्या आठवड्यात मात्र जिन्यात कोणी नाही असे पाहून त्या बसल्या. काका खालच्या पायरीवर पहाऱ्याला थांबले. कोणाची चाहूल लागली की ते खोकत आणि काकू उठून उभ्या राहत. अशी चोरी आम्ही तिघांनी बरेच दिवस केली. काकू पुन्हा बाजारात जाऊ लागल्या होत्या, मला तेवढे पुरे होते.

हळूहळू सगळेच बसू लागले. सिलिंडरवाला बसे. तिसऱ्या मजल्यावरची गार्गी बुटांच्या नाड्या बांधायला बसे. नलिनीताई तर वाऱ्याला मटार सोलायला येत.

मग सेक्रेटरी नंदकिशोर साठे यांनी नोटीस लावली, की जिन्यात कोणतीही वस्तू ठेवू नये. मला राग आला होता, पण त्यांचे चुकले नव्हते. आदल्या वर्षी एका आजाऱ्याला खुर्चीत बसवून खाली नेताना चपलांची कपाटे मध्ये आली होती आणि बराच वेळ गेला होता. मला उचलून गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ ठेवले.

काकू कपडे वाळत घालायला एक मजला चढून गच्चीवर येत, पण माझ्याकडे बघत नसत. तीन बुधवार त्या बाजारात गेल्या नाहीत. काका पुन्हा मऊ बांगडे आणू लागले.

महिन्याची सभा गच्चीवरच भरली. काका उठले आणि म्हणाले, की स्टूल परत हवे, मला चढताना दम लागतो. साठे हसून म्हणाले, "काका, सकाळी बागेत तुम्ही माझ्या पुढे असता. दम मला लागतो." सगळे हसले. 

तेव्हा मागच्या सतरंजीवरून काकू उठल्या. सभेत त्या नेहमी शहरी मराठी बोलत. त्या दिवशी घरचीच बोली तोंडात आली.

"दम ह्यांका लागत नाय. गुडघे माझे गेले. मध्ये बसल्याशिवाय माका चढूक जमणा नाय. ता स्टूल माझ्यासाठी आसा. लाज वाटली, म्हणान आजवर बोललंय नाय."

कोणी हसले नाही. नलिनीताई म्हणाल्या, "मी तरी काय मटारासाठी बसायचे होय? माझी कंबर धरते गं." सिलिंडरवाल्याचे नावही कोणीतरी काढले.  मग साठ्यांनी एवढेच विचारले, की जिन्याची रुंदी किती आणि याची किती.

दशरथ मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत. ते आले, त्यांनी मला ओळखले की नाही ठाऊक नाही. त्यांनी माझे मागचे दोन पाय कापले, बैठक बिजागऱ्यांनी भिंतीला जोडली आणि पुढचे पाय दुमडतील असे केले, वर अडकवायला कडीही बसवली. पाय गेल्याचे वाईट वाटले. पण खाली पाडले की मी स्टूल, उचलले की भिंत, असे माझे नवे आयुष्य सुरू झाले.

पहिल्याच बुधवारी काकू पिशवी घेऊन वर आल्या. वरून साठे उतरत होते. काकूंनी मला पाडले, त्यांच्या देखत बसल्या आणि म्हणाल्या, "आज बांगडो झकास आसा. घेवन ठेवा." साठे मासे खात नाहीत. तरी त्यांनी मान डोलावली आणि भिंतीला अंग चोरून खाली गेले. काकू तिथेच बसून राहिल्या, पाच मिनिटे तरी.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. दमला असाल तर बसा, कोणी विचारणार नाही. उठताना मात्र मला उचलून भिंतीला टेकवा आणि कडी लावा. तुमच्या मागून कोणी आजारी माणसाला घेऊन उतरत असेल.