उस्तादाचं नाक

"अरे, बोल की काहीतरी!" एलिओदोरो काकुळतीला आला होता. "तळ्याचं पाणी कसंय? घरचे बरे आहेत ना?"

"अं... अं..." विल्फ्रिदोने सुजलेल्या गालावर हात ठेवला. सकाळीच त्याची अक्कलदाढ काढली होती आणि तोंडात कापसाचा बोळा कोंबलेला होता. एरवी हा तळेवाला इतका बोलका, की त्याच्या आधी त्याचा आवाज गेटातून आत यायचा. आज नेमकी त्याची बोलती बंद, आणि घाम फुटला होता एलिओदोरोला.

एलिओदोरो यागुआल हा दुरान शहरातल्या एका कोळंबी कंपनीचा चाखणारा. थोडीथोडकी नव्हे, बावीस वर्षं. तळेवाल्याने बर्फाच्या पेटीतून नमुना आणायचा, हाताखालच्या देइसीने तो बिनमिठाचा वाफवायचा, एलिओदोरोने आधी हुंगायचं, मग कोळंबीचं डोकं चावायचं आणि एकच शब्द उच्चारायचा: 'चालेल' किंवा 'माती'. 'माती' म्हटलं की खेळ खलास. तळ्याचं पाणी बदला, पंधरा दिवस कोळंबीला पोसत बसा. आणि चुकून मातकट माल बोटीवर चढला, तर चीनमधून अख्खा कंटेनर परत आणि कंपनीची अब्रू चव्हाट्यावर. म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणायचे, अगदी त्याचा साहेब इंजिनियर पारेदेससुद्धा.

आणि या उस्तादाचं नाक तीन आठवड्यांपूर्वी गेलं होतं! साधा ताप आला आणि जाताना वास, चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, परत येईल, नाहीतर येणारही नाही. एलिओदोरोने बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. चाखणाऱ्याचं नाक गेलं हे कळलं, तर कंपनी त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

मग तो निभावत कसा होता? माणसं बघून. त्याचा सिद्धांत असा, की ज्याच्या तळ्यात माती तो बोलत सुटतो. हवापाणी, फुटबॉल, सासूचा गुडघा, काय वाटेल ते. ज्याचा माल चोख, तो घड्याळ बघत गप्प बसतो. या सिद्धांतावर तीन आठवडे बिनबोभाट गेले. पारेदेस तर परवा म्हणाला, "उस्ताद, वयाबरोबर तुमचं नाक तिखट होत चाललंय!"

पण कापूस कोंबलेल्या माणसाचं काय करायचं?

एलिओदोरोने हुंगलं. काही नाही. डोकं चावलं. ओला पुठ्ठा.

"उस्ताद, आटपा," दारातून पारेदेस म्हणाला. "तळ्यावर माणसं जाळी घेऊन उभी आहेत."

एलिओदोरोने शेवटचा उपाय काढला. फुटबॉल. "काय रे विल्फ्रिदो, रविवारी तुमच्या एमेलेक संघाने काय माती खाल्ली!"

'माती' ऐकताच विल्फ्रिदो ताडकन उठला. "अं! अं अं!" हात हलवत तो एलिओदोरोच्या अंगावरच आला.

"माती?" पारेदेसने पेन काढलं. "लिहू?"

"अहो थांबा! मी फुटबॉलचं बोलतोय!"

विल्फ्रिदोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दाढेमुळे की तळ्यामुळे, कोण जाणे. एलिओदोरोला एकदम स्वतःची शरम वाटली. या माणसाची चार महिन्यांची मेहनत, आणि आपण तिचा निकाल फुटबॉलवर लावायला निघालो! त्याने वाडगं हळूच देइसीकडे सरकवलं. ती बाई अकरा वर्षं तिथली पातेली घासत होती.

"देइसी, बघ गं जरा."

तिने डोकं चावलं. "चालेल. गोड आहे चांगली."

"नक्की?"

"उस्ताद," ती कुजबुजली, "तीन आठवडे तुमच्यामागून मीच चाखतेय. मंगळवारचा तो मुका म्हातारा आठवतो? अस्सल माती होती त्याची. तुम्ही ठोकून दिलंत 'चालेल'."

"अरे देवा! मग?"

"मग काय? मी गेटवर पळाले. म्हटलं, उस्तादांचा विचार बदललाय, पाणी बदला."

म्हणजे सिद्धांतही गेला. एलिओदोरो उठला आणि पारेदेससमोर जाऊन उभा राहिला. "इंजिनियर, माझं नाक गेलंय. तीन आठवडे झाले."

"काहीतरीच काय!" पारेदेस हसला. एलिओदोरोने लादी धुवायच्या क्लोरीनची बाटली उघडून स्वतःच्या नाकाखाली धरली आणि शांतपणे उभा राहिला. खोकून खोकून बेजार झाला तो पारेदेस.

"आता हिला विचारा," एलिओदोरो म्हणाला.

पारेदेसने पाच तळ्यांचे नमुने वाफवून घेतले. देइसी एकातही चुकली नाही. पारेदेस बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिला. "उद्यापासून देइसी चाखेल. तुमचं... बघू, उस्ताद. काहीतरी बघू." एलिओदोरोने मान डोलावली. देइसी रडायला लागली, तर तिलाच म्हणाला, "अगं, रडू नकोस, नाक चोंदेल. आता ते कंपनीचं आहे."

दुपारी तो कॅन्टीनमध्ये गेला. तिथल्या फेलिसाबाईंनी टुना माशाचं, वर कांदा पेरलेलं सार त्याच्यापुढे ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बावीस वर्षांत या माणसाने त्यांच्या साराला एकदाही बरं म्हटलं नव्हतं. कधी मासा कालचा, कधी कोथिंबीर जास्त.

"बोला. आज काय खोट?"

एलिओदोरोने एक चमचा घेतला. दुसरा घेतला.

"झकास झालंय."

फेलिसाबाई बघतच राहिल्या. मग लगबगीने आत वळल्या आणि स्वयंपाकघरात ओरडल्या, "अगं बायांनो, ऐकलंत का? उस्ताद झकास म्हणाले! उस्ताद!" आतून दोघीतिघी टॉवेलाला हात पुशीत दारात आल्या. बाईंनी न विचारता दुसरं वाडगं काठोकाठ भरून आणलं. त्या सगळ्या बघत होत्या, म्हणून एलिओदोरोने तेही शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं.