दोरीवरून नेलेली वाकळ

पाणी उतरून चार दिवस झाल्यावर त्रिशलानं घरातलं लाकडी कपाट उघडायला घेतलं. दार फुगून बसलं होतं. नवऱ्यानं, अजितकुमारांनी, खांदा लावला तेव्हा कुठं ते निघालं, आणि आतून चिखलाचा आंबूस भपकारा आला. खालचे दोन खण आठवडाभर पुरात बुडाले होते. लग्नातली इरकल, सासूबाईंनी दिलेली नारायणपेठ, पूजेला नेसायची पांढरी सुती साडी, सगळ्यांवर तेच तपकिरी डाग पडले होते.

"टाकून दे, आई," मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला. "फोटो पाठव. तशाच नव्या घेऊन देतो."

त्रिशलानं साड्या तीन-तीनदा धुतल्या, गच्चीवर वाळवल्या, आणि डाग जायचं नाव घेईनात तेव्हा बोचकं बांधून माळ्यावर ठेवलं.

सांगलीत नदीच्या अंगाला त्यांचं किराणा दुकान, आणि दुकानामागं घर. पूर आला तेव्हा दोघांना नावेतून काढून मिरजेकडच्या एका शाळेत नेऊन ठेवलं होतं. तिथं दुसऱ्या दिवशी दुपारी जतकडून एक पिकअप आली. एरवी मेंढरं बाजारला नेणारी गाडी. धुऊन काढली तरी वास राहिलेला. तीत ज्वारीच्या भाकरीच्या चळती होत्या, शेंगदाण्याची चटणी होती आणि कपड्यांची गाठोडी. ज्या जत तालुक्याला अजून प्यायला टँकरनं पाणी येत होतं, तिथल्या लोकांनी घराघरातून जमवून आणलेलं सगळं.

गाडीवाला पन्नाशीचा, डोक्याला मुंडासं. त्यानं एकेकाच्या हातात वस्तू दिल्या. त्रिशलापुढं आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. अंगावरची साडी ओली आणि दातावर दात वाजत होते. तिला हात पुढं करवेना. आजवर दारात आलेल्याला तिनं दिलं होतं. घ्यायची वेळ कधी आली नव्हती.

"घ्या वैनी," तो म्हणाला. "लाजायचं काय त्यात? तुमी पाण्यात, आमी पाण्याबिगर. एकाच जिल्ह्यातली माणसं आपुन."

त्यानं तिच्या मांडीवर एक वाकळ ठेवली. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून हातानं दाटून शिवलेली. हिरव्या लुगड्याचं अंग, त्यावर खाकी, जांभळ्या, पांढऱ्या कपड्यांचे चौकोन, आणि टाके असे बारीक, असे जवळजवळ, की मुंग्यांची रांगच चाललीय असं वाटावं. त्रिशलानं ती अंगाभोवती ओढली आणि तोंड भिंतीकडं केलं. रडू आलेलं कुणाला दिसू नये एवढंच तिच्या मनात होतं.

गाडीवाला निघाला तेव्हा अजितकुमारांनी त्याचं नाव विचारून घेतलं. "धुळा," तो म्हणाला. "गावात रंगुबाईचा धुळा म्हणा, कुणीबी घर दावील. वाकळ आईनंच शिवलीया." आणि फोन नंबरही दिला.

घरी आल्यावर भिंती वाळायला महिना गेला. दुकान पुन्हा उभं राहिलं. शिलाई मशीन मात्र गंजून बसलं ते बसलंच. त्रिशला रात्री वाकळ पांघरायची आणि सकाळी घडी घालताना तिच्या मनात यायचं, ज्या बाईनं ही शिवली तिला आपण काय देणार?

"साडी घेऊ चांगली," अजितकुमार म्हणाले.

"विकतची नको. तिनं हातानं केलेलं दिलंय."

मग तिनं माळ्यावरचं बोचकं खाली काढलं. डाग साड्यांच्या अंगावर होते, पण काही काठ आणि पदर बचावले होते. तिनं ते कातरले. मशीन नव्हतं म्हणून हातात सुई घेतली. इरकलीच्या लाल काठाच्या पाकळ्या दुमडून फुलं केली, नारायणपेठीच्या पदराची पानं केली, मधे दुकानातल्या तागाच्या पोत्याचं सूत वळून गोंडे लावले. पंधरा दिवस दुपारच्या दुपार बसून दाराचं तोरण तयार झालं. कित्येक वर्षांत तिनं काही शिवलं नव्हतं. बोटाला दहा ठिकाणी सुई टोचली. पण तोरण डोळ्यासमोर धरलं तेव्हा तिला वाटलं, पुरानं नेलं त्यातलं थोडं तरी आपण ओढून आणलं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दोघं जतला गेली. वाटेत उसाचे फड मागं पडले, मग द्राक्षबागा, आणि मग नुसता माळ. वस्तीवर पोचली तेव्हा उन्हं चढली होती. धुळा अंगणातच होता. अजितकुमारांनी फोन करून येतोय म्हणून कळवलं होतं, तरी त्यांना बघून तो उगाच गडबडला. खुर्च्या आण, पाणी आण, करत फिरायला लागला.

रंगुबाई घराच्या पुढच्या सोप्यात बसली होती. पंच्याहत्तरीची, बारीक अंगाची, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. तिच्याशेजारी नात प्रांजल, नर्सिंगचा कोर्स केलेली, लग्न ठरलेली पोरगी.

त्रिशलानं पाया पडून तोरण पुढं केलं. "मावशी, तुमच्यासाठी केलंय. तुमच्या वाकळीनं मला जगवलं."

रंगुबाईनं तोरण हातात घेतलं. फुलं उलटी करून मागचा टाका बघितला. "कुणी शिवलं?"

"मीच."

"टाका जरा लांब पडलाय. पण हात चांगला हाय." मग तिनं चष्म्यावरून बघितलं. "ऊब लागती का वाकळीची?"

"लय."

"लागणारच. दीड वरीस शिवलीया. ह्या पोरीच्या लग्नासाठी."

धुळानं मान खाली घातली. त्रिशलाला आधी नीट कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तिच्या कानशिलात गरम झालं.

"म्हणजे... तुम्ही नव्हती दिली?"

"मी कशाला देऊ? मी रानात हुते. ह्यानं दोरीवर वाळत घातलेली उचलली न् गाडीत टाकली. आले तर दोरी मोकळी." रंगुबाईनं लेकाकडं बोट केलं. "महिनाभर बोलले न्हाई त्याच्याशी."

"आई, माणसं बुडत हुती तिकडं," धुळा म्हणाला. "तवा मी काय इचारत बसू?"

"भाकरी मी सोता थापून दिल्या का न्हाई? पन्नास थापल्या. माझी जुनी दोन लुगडी दिली. इचारलं असतं तर घरातली दुसरी वाकळ दिली असती. पोरीची वाकळ इचारायची वस्तू हुती."

"आज्जी, जाऊ दे की गं," प्रांजल हळूच म्हणाली.

"जाऊ दे कसं? दिली असती तर जाऊ दिलं असतं."

अजितकुमार घसा खाकरून म्हणाले, "आवं मावशी, आम्ही दोन चांगल्या चादरी घेऊन पाठवतो. सोलापुरी."

"चादर नगो."

त्रिशलाला आठवत होतं, दर दिवाळीला घरकाम करणाऱ्या बाईला ती साडी द्यायची. विटलेली, काठ झिजलेली, कपाटात जागा अडवणारी. देताना स्वतःला बरं वाटायचं. त्या बाईला काय हवं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. आणि स्वतः मनापासून जपलेली एकही वस्तू तिनं आजवर कुणाला दिली नव्हती. इथं मात्र एका म्हातारीची तसली वस्तू तिनं तीन महिने बिनघोर पांघरली होती.

"मी परत आणून देते," ती म्हणाली.

"छ्या छ्या!" धुळा उठून उभा राहिला. "दिलेलं माघारी घ्यायचं व्हय? लोक तोंडात शेण घालतील."

रंगुबाईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती त्रिशलाला म्हणाली, "बाई, तुमी सांगा. तुमची अशी गेली असती, तर काय केलं असतं?"

त्रिशलानं खोटं बोलायचा विचार केला नाही. "मागून घेतली असती."

"मग!" म्हातारी म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. त्रिशलालाही हसू आलं. का कोण जाणे, छातीवरचा एक दगड उतरल्यासारखं झालं. पुरापासून ती सगळ्यांचे आभार मानत फिरत होती. इथं पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडं काहीतरी मागत होतं, आणि ते तिच्याजवळ होतं.

जेवणं झाली. दोघं जैन, त्यांना कांदा-लसूण चालत नाही हे रंगुबाईनं आधीच फोनवर विचारून ठेवलं होतं. लसणाशिवायची चटणी तिनं मुद्दाम कुटली होती. जेवल्यावर तिनं तोरण पुन्हा मांडीवर घेतलं. ह्यो काठ कुठल्या साडीचा, ह्यो पदर कुणी दिलेला, असं एकेक विचारत गेली. त्रिशला सांगत गेली. गेल्या तीन महिन्यांत त्या साड्यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

"आणि ऱ्हायलेलं कापाड?"

"बोचक्यात आहे. काय करायचं? चिखलाचा डाग जात नाही."

"डाग आत घ्यायचा," रंगुबाई म्हणाली. "वाकळीला चार-पाच थर लागत्यात. वरचा न् खालचा तेवढा चांगला बघायचा. आतलं कोण बघतंय? ऊब तर आतल्याचीच असती."

आणि मग तिनं शिकवायलाच घेतलं. सोप्यात जुनी लुगडी अंथरली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. "जमिनीवर ताठ अंथरायचं, सुरकुती ऱ्हाऊ द्यायची न्हाई. कडंनं सुरू करायचं, फिरत फिरत आत यायचं. मधनं सुरू केलं तर फुगा धरतोय." तिनं त्रिशलाच्या हातात सुई दिली, टाका बघितला आणि उसवायला लावला. तीनदा उसवायला लावला. चौथ्यांदा काही बोलली नाही. अजितकुमार अंगणात धुळाशी पावसाच्या गप्पा मारून कंटाळले, दिवस मावळायच्या आत घर गाठायचंय म्हणून दोनदा आत डोकावून गेले.

घरी आल्यावर त्रिशलानं वाकळ धुतली. वाळत घालताना दिसलं, एका कोपऱ्याची शिवण सुटलीय आणि बोटभर कापड फाटलंय. शाळेतल्या फरशीवर ओढताना झालं असणार. ती सुई-दोरा घेऊन बसली, इरकलीचा एक तुकडाही कापला, आणि मग थांबली. तिनं धुळाचा नंबर लावून म्हातारीला फोनवर बोलावून घेतलं.

"मावशी, कोपरा फाटलाय. माझ्या साडीचा तुकडा लावू का?"

"कसला रंग?"

"लाल आहे. हिरवाही आहे."

"लालच लावा. हिरवं लय झालंय तिथं."

त्रिशलानं लाल तुकडा लावला, जमेल तेवढ्या बारीक टाक्यानं. धुळा येऊन वाकळ घेऊन गेला. जाताना तो अजितकुमारांना म्हणाला, "आई नीट बोलायला लागली माझ्याशी. पण आता घरातलं दावंबी इचारून उचलतोय."

थंडी पडली. त्रिशलानं माजघरात स्वतःच्या साड्या अंथरल्या. डागाळलेल्या आत, बऱ्या त्या वर. अजितकुमार दुपारी दुकान बंद करून यायचे आणि तिच्यासाठी सुईत दोरा ओवून ठेवायचे. त्यांची जवळची नजर अजून चांगली होती. कुठली साडी कुठल्या थराला हे दोघं मिळून ठरवायची. एकदा नारायणपेठ आत जाणार म्हटल्यावर ते म्हणाले, "आईची आहे, वर नको का?" त्रिशलानं डाग दाखवला. त्यांनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं, घाल आत."

माघात प्रांजलच्या लग्नाचं बोलावणं आलं. त्रिशलानं या वेळी आधी फोन केला. "तुला काय करून आणू? खरं सांग."

प्रांजल लाजली. काही नको म्हणाली. मग म्हणाली, "काकी, एक पिशवी चालंल. कप्प्यांची. सर्टिफिकेटं, फाईल, डबा, सगळं मावंल अशी. मिरजेत एका दवाखान्यात काम मिळतंय मला लग्नानंतर."

दुकानातल्या हळदीच्या पोत्यांपैकी दोन पोती त्रिशलानं निवडली. धुऊनही त्यांचा पिवळा रंग आणि वास थोडा राहिलाच. बाहेरून ताग, आतून सुती साडीचं अस्तर, पाच कप्पे, पुढं काठाचं एकच फूल. मशीन नव्हतंच, सगळं हातानं.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती वस्तीवर पोचली. मांडव घातला होता, बायका गहू निवडत होत्या. प्रांजल हळदीच्या अंगानंच धावत आली. तिनं पिशवी उघडली, पाचही कप्प्यांत हात घालून बघितला, खांद्याला अडकवली, एक गिरकी घेतली. मग तिचा चेहरा किंचित पडला.

"काय झालं गं?"

"काही न्हाई, काकी. लय छान झालीया."

"खरं सांग म्हणाले होते ना?"

"पट्टा... जरा आखूड झालाय. बसमधनं जाताना काखेत येईल."

"ए पोरी, गप!" शेजारची एक बाई ओरडली. "पाव्हण्या बाईनं एवढं करून आणलंय, न् तू..."

"थांबा, थांबा," त्रिशला म्हणाली. "तिचं बरोबर आहे. इथं कुणाकडं कात्री आहे का?"

रंगुबाईनं आपल्या कमरेच्या पिशवीतून कात्री काढून दिली. त्रिशला मांडवाच्या कडेला, बायकांच्या रांगेत पाय दुमडून बसली. प्रांजलला तिनं समोर उभं केलं, पट्टा तिच्या खांद्यावरून कमरेपर्यंत धरला आणि विचारलं, "इथवर?"

"जरा खाली."

"इथवर?"

"व्हय. इथवर."

त्रिशलानं खूण केली आणि शिवण उसवायला घेतली.